बंद पडलेला सीपीयू आणि आजीच्या ओव्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बेज्जूरला आत्याकडे गेले होते. बेज्जूर पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. पलीकडे प्राणहिता, आणि नदी ओलांडली की गडचिरोली. बाहेर सगळा व्यवहार तेलुगूत, पण आमच्या घरात आजीमुळे मराठी टिकली.

आत्याच्या माडीवर साडीच्या कापडाखाली झाकलेला एक जुना कॉम्प्युटर होता. पेंटियम ३, विंडोज ९८, ताटाएवढा जड मॉनिटर. आवराआवर चालली होती आणि दादा म्हणाला, "भंगारवाल्याला देऊन टाकू." आत्या एकदम पुढे झाली. "अरे थांब, त्यात आईच्या ओव्या आहेत!" आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. २००३ साली आत्याने त्या तिच्या तोंडून वहीत उतरवल्या आणि मग टाईप केल्या. वही वाळवीने खाल्ली. आजी आता नाही. राहिला तो हा डबा, आणि तो काही सुरू होईना.

तिथल्या चार दिवसांत जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते. तुमच्याही घरी माळ्यावर असं एखादं धूड असेल.

आधी बटण दाबू नका

माझी पहिली चूक हीच. दिसला की लावला करंट. दहा-पंधरा वर्षं बंद असलेल्या मशीनमध्ये धूळ, कोळ्याची जाळी, पालीची अंडी, काय वाटेल ते असतं. त्यात ओल असेल तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. आधी वायर काढून झाकण उघडा, मऊ ब्रशने धूळ झटका, एखादा दिवस कोरड्या जागी ठेवा. हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

मागच्या बाजूला काही पॉवर सप्लायवर एक छोटा लाल स्विच असतो, ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेला. आपल्याकडे तो २३० वरच हवा. चुकून ११५ वर असेल आणि करंट लावला, तर पॉवर सप्लाय जळालाच म्हणून समजा.

बाहेरून आत, एका वेळी एकच गोष्ट

काहीच हालचाल नसेल तर क्रम असा: भिंतीतलं सॉकेट (दुसरं काही लावून बघा), मग वायर, मग पॉवर सप्लाय. यालाच दुकानदार एसएमपीएस म्हणतात. त्याचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. करंट काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

डबा न उघडता तपासता येतो. मदरबोर्डवरचा रुंद प्लग काढायचा, जुनी सीडी ड्राईव्ह भार म्हणून जोडायची, आणि प्लगमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरशी यू-पिनने जोडायची. मग करंट द्यायचा. पंखा फिरला तर निदान जीव आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळ्यावर ११.४ ते १२.६. आमच्या एसएमपीएसचा पंखा छान फिरत होता, पण पिवळी वायर साडेदहाच्याही खाली! कागजनगरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडून जुना, पण धडका एसएमपीएस आणला.

मशीन बोलतं, ऐका

आता पंखे फिरले, पण पडदा काळाच. आतला छोटा स्पीकर मात्र लांब लांब बीप द्यायला लागला. हे बीप म्हणजे निरोप असतात. अवॉर्ड बायोस असलेल्या बोर्डावर एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्डची तक्रार, आणि लांब बीप पुन्हा पुन्हा आली तर रॅम. दुसऱ्या कंपनीच्या बायोसची भाषा वेगळी असते, म्हणून सुरुवातीला बोर्डावरची चिप वाचावी.

रॅमला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं, तिच्या कडेच्या पट्ट्यांवर थर चढलेला असतो. करंट काढून रॅम बाहेर घ्यायची, पट्ट्या शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, कचरा झटकून परत बसवायची. दोन असतील तर एकच लावून बघायची. आमची एका खोडरबरात बोलायची थांबली आणि पडद्यावर अक्षरं आली. आत्याने टाळी वाजवली.

अक्षरं होती, 'सीएमओएस चेकसम एरर'. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी असते, ३ व्होल्टची. ती संपली की मशीन तारीख विसरतं, कधी हार्ड डिस्कची माहितीही विसरतं. नवी घातली.

आणि मग पुन्हा बंद

विंडोजचं चित्र आलं आणि मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. टॉर्च घेऊन पाहिलं तर प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर, म्हणजे त्या उभ्या छोट्या डब्या, डोक्यावर फुगलेल्या, एक तर तपकिरी गळालेली. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांचा हा आजार जगभर झाला होता. आतलं रसायन निकृष्ट निघालं आणि डब्या फुगल्या. त्या बदलता येतात: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांवाल्या. पण डाग देणारा हात सरावाचा हवा.

तिथेच मी थांबले, कारण एक गोष्ट उशिरा लक्षात आली. आम्हाला मशीन नको होतं, ओव्या हव्या होत्या. ओव्या मदरबोर्डात नव्हत्या, हार्ड डिस्कमध्ये होत्या. आणि दर वेळी मशीन मध्येच बंद पडत होतं, तेव्हा मी त्या डिस्कलाच धक्के देत होते.

डिस्क बाहेर काढा

खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं. चार स्क्रू काढले की डिस्क हातात येते. रुंद केबलच्या ४० पिनांची जुनी डिस्क 'आयडीई टू यूएसबी' अडॅप्टरने आजच्या लॅपटॉपला लागते. मात्र तिला वेगळी पॉवर द्यावी लागते आणि मागचा जंपर 'मास्टर'वर हवा. विंडोजने विचारलं, "फॉरमॅट करायचं का?" तर उत्तर नाही. डिस्क टकटक वाजली तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्या, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आमची नुसती घुरघुरली आणि फोल्डर उघडलं. सगळं आधी दोन ठिकाणी कॉपी केलं, मग फाईल उघडली.

फाईलमध्ये एकही मराठी अक्षर नव्हतं! इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कालवा. आत्याचा चेहरा पडला. पण फाईल खराब नव्हती. त्या काळी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली चित्रं बसवत. फॉन्ट गेला की मागचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण विंडोज ९८ वर तशी मराठी लिहिण्याची सोय नव्हती. आम्ही जुन्या डिस्कच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तो फॉन्ट लॅपटॉपवर टाकला आणि अक्षरं उभी राहिली. नंतर कन्व्हर्टरने युनिकोड केलं. त्यात रफार सरकले, 'वाऱ्या'तला अर्धा र तुटला. ओळ न् ओळ आत्याने हाताने सुधारली, काही ठिकाणी चक्क गाऊन, कारण चाल चुकली की शब्द चुकल्याचं कळत होतं.

कॉम्प्युटर शेवटी भंगारातच गेला. डिस्क मात्र आत्याने कपाटात ठेवली आहे, आजीच्या चष्म्याशेजारी.

घरच्यांनी माळा आवरायला घेतला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, "यात काय होतं?" आणि ते चार स्क्रू काढा.