नवांपैकी पाच : अध्यक्ष एलियट आणि वैद्यकाची परीक्षा

स्वतः वैद्य नसलेल्या विद्यापीठप्रमुखाने वैद्यकाच्या अध्यापनात लक्ष घालावे काय, असा प्रश्न आपल्या वैद्यबंधूंत अधूनमधून निघतो. तो निघाला की आम्हांस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांचे स्मरण होते.

एलियट यांचा जन्म १८३४ साली बॉस्टन येथे झाला. ते रसायनशास्त्राचे अध्यापक. १८६३ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापकपद हुकले, तेव्हा त्यांनी युरोप गाठून तेथील शिक्षणसंस्था बारकाईने पाहिल्या. त्याच हार्वर्डने १८६९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना अध्यक्ष केले. हे पद त्यांनी ४० वर्षे भूषविले.

तेथील वैद्यकशाखेत तेव्हा विद्यार्थ्यांचे शुल्क थेट प्राध्यापकांकडे जाई. अखेरीस नऊ विषयांची तोंडी परीक्षा, प्रत्येकी काही मिनिटांची. पाचांत उत्तीर्ण झाला की पदवी हाती! उरलेल्या चार विषयांतील अज्ञानाचे मोल पुढे रुग्णाने द्यावयाचे.

एलियट शाखेच्या सभांना जातीने बसू लागले. त्यांनी लेखी परीक्षेचा विषय काढताच हेन्री बिगेलो यांनी कडाडून विरोध केला. हे बिगेलो सामान्य गृहस्थ नव्हेत. १८४६ च्या ईथर-संमोहनाचा वृत्तान्त जगापुढे मांडणारे ते शल्यविद्. त्यांचे म्हणणे काय, तर निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही! १८७१ पासून तीन वर्षांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम आला, सर्व विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले आणि शुल्क विद्यापीठाच्या कोषात जाऊ लागले. विद्यार्थी घटले. एलियट ढळले नाहीत. कालांतराने संख्या सावरली.

स्त्रियांना मात्र त्यांनी ही शाखा खुली केली नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवीधर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून. हार्वर्डच्या वैद्यकशाखेत स्त्रियांना प्रवेश मिळण्यास १९४५ उजाडले.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयात द्रव्यगुणाचे बाह्यपरीक्षक होतो. एका विद्यार्थ्यास वत्सनाभ व अतिविषा यांतील भेद सांगता आला नाही. औषधालयचालक बंधूंना या चुकीचा अर्थ सांगणे नलगे. ‘‘सांभाळून घ्या, वैद्यराज, पोराचे वर्ष जाईल,’’ असे शेजारच्या खुर्चीवरून सुचविण्यात आले. आम्ही सांभाळून घेतले. त्याचा दवाखाना आज आमच्याच तालुक्यात आहे.