ईदची खरेदी, गाडीवरची

मालेगावच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी पार राजस्थानातील पाली-बालोतऱ्यापर्यंत जाते. विणणाऱ्याची मजुरी मात्र मापावर. माग थांबला की तीही थांबते. म्हणून रमजानच्या अखेरच्या दिवसांत येथे जुन्या कपड्यांच्या हातगाड्यांभोवतीही गर्दी होते.

या गिऱ्हाइकाला फसवणे अवघड. शर्ट उजेडात धरून तो आधी वीण पाहतो, मग शिवण ओढतो, कॉलर उलटी करतो. कापड विणणाऱ्याला कापडाचे काय सांगणार! पुढे बाही आखूड करणे, बटण लावणे, कडक इस्त्री. ईदच्या नमाजाला आपल्याजवळचे चांगले, स्वच्छ कपडे घालावेत, ही सुन्नत. नवेच हवेत अशी अट नाही. तरी लेकराला नवे घेऊन बाप स्वतः जुन्यावर भागवतो. दिवाळीत तरी वेगळे काय होते?

नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या. गाव ते आजही कौतुकाने सांगते. शर्ट कुठला म्हणून विचारा, तसेच उत्तर येईल : ‘‘गाडीवरचा.’’ वर, घासाघीस करून किती कमी केले, तेही ऐकावे लागेल.