एक थर्मोस्टॅट, दोन यंत्रे
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. पहाटे आई त्यात पऱ्हाट्या घालते, तोटीखाली बोट धरून पाहते आणि म्हणते, "पोरी, लय कढलंय, आता नको घालू." कधी पेटवायचे आणि कधी थांबायचे, एवढेच काम थर्मोस्टॅट नावाची वस्तू करते. हे मला जालन्याला वसतिगृहात आल्यावर कळले, आणि तेही गरम पाणी बंद होण्याची वेळ आली तेव्हा.

वसतिगृहाच्या गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे. तिला जोडलेला विजेचा बॉयलर जुनाच होता. खर्च कमी व्हावा म्हणून गेल्या वर्षी त्याच्या जोडीला हीट पंप बसविला. पण डिसेंबरचे बिल आले ते पूर्वीइतकेच! मग "गरम पाणी परवडत नाही, वर्गणी वाढवा, नाहीतर बंद करा" अशी चर्चा सुरू झाली. आमच्यापैकी कित्येकींच्या घरून मोजकेच पैसे येतात. त्यांच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच, ऐन परीक्षेत गार पाणी.

मी कला शाखेची; विज्ञान दहावीनंतर सुटले. तरीही दुरुस्तीला आलेल्या वायरमनकाकांच्या मागे लागून मी हे समजून घेतले.

बॉयलर विजेपासून उष्णता तयार करतो. हीट पंप ती तयार करीत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. फ्रीजच्या मागे हात लावून पाहा. आतली उष्णता तिथे बाहेर पडत असते. हीट पंपात हेच चक्र हवेकडून पाण्याकडे चालते. ही कल्पना १८५२ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी मांडली होती. आता हिशेब पाहा. १००० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला बॉयलरला सुमारे ३५ युनिट वीज लागते. हीट पंप एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता देतो, म्हणून त्याला जवळपास १२ युनिट पुरतात. मात्र तो सावकाश चालतो, आणि बाहेर गारठा वाढला की त्याची कमाई घटते.

मग बिल का उतरले नाही? दोन्ही यंत्रांना आपापला थर्मोस्टॅट होता आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती! बॉयलर ६० अंशांवर लावलेला. पाणी ५५ पर्यंत उतरले की तो पेटे. हीट पंप पाणी ४५ वर येण्याची वाट पाहत बसे. बॉयलर ते तिथवर येऊच देत नसे. नवे महागडे यंत्र हिवाळाभर जवळजवळ नुसतेच उभे होते. (घरात दोघे कर्ते झाले की काय होते, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको.)

काकांनी दोन्ही थर्मोस्टॅट काढून दोघांवर मिळून एकच बसविला. त्याला घड्याळ आहे, टाकीतले आणि बाहेरचे तापमानही कळते. मध्यरात्रीनंतर तो आधी हीट पंप सुरू करतो. गारठा जास्त असेल तर जरा लवकर. पहाटे ४ वाजता पाणी ४५ अंशांच्या खाली असेल तरच बॉयलरला परवानगी मिळते. सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या तापमानांत ५ अंशांचे अंतर ठेवले आहे. ते नसते तर यंत्र घटकेत चालू, घटकेत बंद होऊन लवकर झिजले असते. युरोपातील काही घरांत गॅसचा बॉयलर आणि हीट पंप अशीच जोडी असते. तिथला थर्मोस्टॅट बाहेरची थंडी पाहून, आणि कुठे कुठे गॅस व विजेचे दर पाहूनही, पाळी ठरवितो.

पुढच्या महिन्याचे बिल उतरले. वर्गणीचा विषय रेक्टरबाईंनी पुन्हा काढला नाही.

एक अडचण राहिलीच आहे. वीज बराच वेळ गेली की त्या थर्मोस्टॅटचे घड्याळ चुकते आणि हीट पंप भलत्याच वेळी सुरू होतो. म्हणून जिन्याजवळ एक कागद चिकटविला आहे: "लाईट येताच गच्चीवरचे घड्याळ पाहावे." या महिन्यात ती पाळी माझी आहे.