रागाचे नाव की लय? : संगीतश्रवण आणि चेतासंस्थेचे शमन

प्रास्ताविक

परीक्षेच्या काळात महाविद्यालयीन समुपदेशनात 'संगीतोपचार' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. त्याच्या पाठोपाठ रागांच्या याद्याही येतात : अनिद्रेसाठी अमुक राग, उच्च रक्तदाबासाठी तमुक. या याद्यांवरील विश्वास एवढा गाढ असतो, की त्यापायी एखाद्याने चालू औषध थांबविण्याचाही धोका संभवतो. म्हणूनच संगीतश्रवणाने चेतासंस्था शांत होते म्हणजे नेमके काय घडते आणि त्यात रागाच्या नावाचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्वास, हृदय आणि लय

हृदयाची गती, रक्तदाब, पचन इत्यादी क्रियांचे नियमन स्वायत्त चेतासंस्था करते. तिचा अनुकंपी विभाग शरीराला धावण्या-झगडण्यास सज्ज करतो, तर परानुकंपी विभाग विसाव्याकडे नेतो. या दुसऱ्या विभागाची मुख्य वाहिनी व्हेगस मज्जातंतू होय. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद चालते व सोडताना मंदावते, हे याच मज्जातंतूचे कार्य. या सर्व क्रिया आपल्या इच्छेने बदलत नाहीत, अपवाद श्वासाचा. संगीताचा शरीरात शिरण्याचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणूनच श्वासातून जातो.

इटलीतील लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे विशेष उपयुक्त आहे. १२ संगीतज्ञ व १२ इतर व्यक्ती यांना सहा प्रकारच्या संगीताचे तुकडे ऐकविण्यात आले. त्यांत भारतीय रागसंगीतही होते. लय जलद होताच श्वसन, रक्तदाब व हृदयगती वाढल्याचे दिसून आले. श्रोत्याची आवडनिवड आणि संगीताची शैली यांपेक्षा लयीचा परिणाम अधिक ठरला. संगीतज्ञांचा श्वास लयीला अधिक अनुसरत होता, हेही लक्षणीय. परंतु सर्वांत अनपेक्षित बाब निराळीच होती. तुकड्यांच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हृदयगती व रक्तदाब मूळ पातळीच्याही खाली आले. याचा अर्थ, संगीताने बांधलेले अवधान सुटताना विसावा अधिक खोल होतो. आपल्याकडील ध्वनिफिती व चकत्यांमध्ये मात्र एक राग संपताच लगेच दुसरा सुरू होतो!

आता रागाच्या नावाकडे वळू. यमन हा एकच राग घेतला, तरी त्यातील आलाप, अतिविलंबित ख्याल आणि द्रुत तराणा यांत लयीचे केवढे अंतर असते! अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पूर्ण होण्यास पाऊण-एक मिनिट लागू शकते. द्रुत तीनतालात तेवढ्याच वेळात तीनशेहून अधिक मात्रा होऊ शकतात. यादीत 'यमन' एवढेच लिहिल्याने यांपैकी काय ऐकावयाचे, हे कळतच नाही. औषधाचे नाव द्यावे आणि मात्रा सांगूच नये, तसा हा प्रकार आहे. स्वररचनेचा, विशेषतः परिचित रागाशी जडलेल्या स्मृतींचा, मनावर परिणाम होत नाही असे येथे म्हणावयाचे नाही. पण तो परिणाम श्रोत्यागणिक बदलतो आणि यादीत बसत नाही.

परंपरेचा आधार या याद्यांना सहज दिला जातो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्ती, नाड्या व चक्रे यांचे वर्णन केले आहे, हे खरे. मात्र त्या प्रकरणाचा हेतू नाद देहात कसा उत्पन्न होतो हे सांगण्याचा आहे. रोगागणिक रागांची योजना त्यातून काढणे हा ग्रंथकारावर अन्यायच म्हणावा लागेल.

मर्यादा

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिर्याम थोमा प्रभृतींच्या प्रयोगात ६० निरोगी स्त्रियांना मानसिक ताणाच्या कसोटीपूर्वी तीन गटांत विभागले होते : एका गटाने शांत संगीत ऐकले, दुसऱ्याने खळाळत्या पाण्याचा आवाज आणि तिसऱ्याने नुसती विश्रांती घेतली. कॉर्टिसॉल या ताण-संप्रेरकाची पातळी संगीताच्या गटात सर्वाधिक व पाण्याच्या गटात सर्वांत कमी आढळली. तथापि, अनुकंपी चेतासंस्थेची निदर्शक असलेली लाळेतील अमायलेजची पातळी संगीताच्या गटात लवकर पूर्ववत झाली. म्हणजे संगीताने ताण टळला नाही, त्यातून सावरणे मात्र सुकर झाले. परीक्षेच्या सकाळी गाणी ऐकविण्यापेक्षा पेपर संपल्यावर ऐकविणे बहुधा अधिक हिताचे, असे मला यावरून वाटते.

रुग्णालयातील पुरावा अधिक भक्कम आहे. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यात ७३ चाचण्या व सुमारे ७,००० शस्त्रक्रियाग्रस्त रुग्णांचा समावेश होता. संगीताने वेदना, चिंता व वेदनाशामकांची गरज कमी झाली; रुग्णालयातील मुक्काम मात्र घटला नाही. संगीत तेथे उपचारांच्या जोडीला होते, त्यांच्या जागी नव्हे.

संगीत, मानसशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र हे विभाग एकाच आवारात असलेल्या आपल्या महाविद्यालयांना हा अभ्यास अल्प साधनांतही करता येण्याजोगा आहे. त्यासाठी एकच राग दोन भिन्न लयींत ऐकवावा, दर मिनिटाच्या मात्रा नोंदवाव्यात, श्वास व नाडी मोजावी, एक गट पाण्याच्या आवाजाचा व एक नुसत्या विश्रांतीचा ठेवावा, आणि संगीत थांबल्यानंतरच्या दोन मिनिटांतही मोजणी चालू ठेवावी.