जखमी खेळाडूच्या जागी कोण?

२६ ऑक्टोबर २०२५ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना पावसाच्या सावटात चालू होता. सीमारेषेजवळ चेंडू अडवायला धावलेल्या प्रतिका रावलचा पाय ओल्या मैदानावर मुरगळला आणि तिचा विश्वचषक तिथेच संपला. तीनच दिवस आधी याच मैदानावर तिने न्यूझीलंडविरुद्ध १२२ धावा केल्या होत्या आणि स्मृती मानधनाबरोबर २१२ धावांची सलामी दिली होती. स्पर्धेतल्या तिच्या धावा ३०८ झाल्या होत्या. उपांत्य फेरी चार दिवसांवर होती, समोर ऑस्ट्रेलिया होती. संघनिवड करणाऱ्यांना जो प्रश्न पडला, तोच त्या रात्री मोबाइलवर फँटसी संघ, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळवणारा आपला संघ, लावणाऱ्यांनाही पडला असणार: आता हिच्या जागी कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधायची एक चांगली रीत आहे. ती घडली अमेरिकेत, तिथल्या फुटबॉलभोवती. फँटसी खेळाचा हा प्रकार १९६२मध्ये ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या सोबत्यांनी आखला. आपल्याकडे सामन्यागणिक अकरा जण निवडायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट धरायचे, ही पद्धत रुळली. तिकडे मात्र बहुतेक जण हंगामाच्या सुरुवातीला दहा-बारा मित्रांत खेळाडू वाटून घेतात आणि तोच संघ पुढचे तीन-चार महिने सांभाळतात. एक खेळाडू एकाच्याच संघात. त्यामुळे आपला खेळाडू जायबंदी झाला की कोणीच न घेतलेल्या उरलेल्या खेळाडूंतून बदली शोधावी लागते, आणि तिथेही इतरांशी चढाओढ असते. सगळ्यांत जास्त शोधाशोध होते ती रनिंग बॅकच्या जागेसाठी. हा खेळाडू चेंडू छातीशी धरून थेट समोरच्या आडदांड बचावपटूंच्या भिंतीत घुसतो. एका सामन्यात पंधरा-वीस वेळा त्याला जमिनीवर आपटलं जातं. गुडघे, घोटे, मांडीचे स्नायू कधी दगा देतील सांगता येत नाही. म्हणून या जागेची बदली निवडण्याचा विचार तिथे जितका झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या जागेचा झाला असेल.

त्या विचाराचं सार मला पूर्ण पटतं. जखमी खेळाडूच्या खालोखाल चांगला कोण, हे आधी शोधायचं नाही. जखमी खेळाडू करत होता ते काम आता कोणाच्या वाट्याला येणार, हे आधी शोधायचं. गुण मिळतात ते दोन गोष्टींच्या गुणाकारातून: संधी किती मिळाल्या आणि प्रत्येक संधीचं खेळाडूने काय केलं. यातली दुसरी गोष्ट दर सामन्यात वरखाली होते. शतकवीर पुढच्याच डावात पहिल्या चेंडूवर बाद होतो. पहिल्या गोष्टीचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो, कारण ती खेळाडूच्या हातात नसते. ती प्रशिक्षक आणि कर्णधार ठरवतात, आणि ते आपल्या सवयी सहसा सोडत नाहीत. सलामीला येणाऱ्याला नवा चेंडू आणि सगळी षटकं समोर दिसतात. सहाव्या क्रमांकावरच्या फलंदाजाला टी-ट्वेंटीत कधी आठ चेंडू मिळतात, कधी एकही नाही. दोघांची गुणवत्ता अगदी सारखी असली तरी हंगामाच्या शेवटी त्यांच्या गुणांत मोठं अंतर पडलेलं असतं.

प्रतिकाच्या बाबतीत निवडकर्त्यांनी हेच केलं. पर्याय अनेक होते. हरलीन देओल संघातच होती. जेमिमा रॉड्रिग्जला वर पाठवता आलं असतं. बांगलादेशविरुद्ध प्रतिका फलंदाजीला येऊ शकत नसल्यामुळे अमनजोत कौरने सलामी दिली होती, तोही एक मार्ग होता. राखीव यादीत महाराष्ट्राची तेजल हसबनीस होती, पण तिची ओळख मधल्या फळीतली. रिकामी झालेली जागा सलामीची होती, आणि गरजेपुरती ऑफस्पिन टाकणारी प्रतिका जमेला धरली तर थोडीशी सहाव्या गोलंदाजाचीही. शफाली वर्मा मूळ पंधरांत नव्हती, राखीव यादीतही नव्हती. वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर राहून ती देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. पण ती सलामीवीर होती, मानधनाबरोबर अनेकदा खेळलेली होती आणि ऑफस्पिनही टाकत होती. तिला बोलावल्यामुळे बाकीच्या कोणाची जागा हलवावी लागली नाही. रांगेत पुढे कोण आहे यापेक्षा रिकाम्या कामात कोण बसतं याला त्यांनी महत्त्व दिलं. उपांत्य सामन्यात शफालीने ५ चेंडूंत १० धावा केल्या. तेवढ्यावरून पाहणाऱ्याला निवड फसली असंच वाटलं असतं. पण तिची जागा कोणी हलवली नव्हती, अंतिम सामन्यातही नवा चेंडू तीच खेळणार होती. २ नोव्हेंबरला नेरुळच्या त्याच मैदानावर तिने ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या, ३६ धावांत २ बळी घेतले आणि ती सामनावीर ठरली.

अमेरिकेतला एक प्रसंग याच्याशी इतका जुळतो की तो सांगायलाच हवा. २०१८च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा टॉड गर्ली, म्हणजे त्या काळातला सर्वांत नावाजलेला रनिंग बॅक, गुडघ्याने अडला. संघात जॉन केली हा नवखा पर्याय होता आणि पुष्कळांनी त्याच्यावर डोळा ठेवला होता. संघाने मात्र सी. जे. अँडरसनला बाहेरून आणलं. त्याच हंगामात दोन संघांनी त्याला सोडून दिलं होतं. आल्यावर आठवडा उलटायच्या आत तो मैदानात उतरला. पहिल्या सामन्यात त्याने २० वेळा चेंडू घेऊन १६७ यार्डांची मजल मारली आणि पुढच्या सामन्यात १३२ यार्डांची. अँडरसन एका आठवड्यात महान खेळाडू झाला नव्हता. गर्लीपुढे वाट मोकळी करणारी रॅम्सची भक्कम फळी त्याच्याही पुढे होती, आणि चेंडू वीस वेळा त्याच्याच हातात दिला गेला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. काम मिळून खेळताच आलं नाही तर काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. २०२५च्या आयपीएलमध्ये चेन्नईचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने १० एप्रिलला स्पर्धेबाहेर गेला. तो तिसऱ्या क्रमांकावर खेळत होता. ही जागा आधी मिळाली राहुल त्रिपाठीला. त्रिपाठी अनुभवी, महाराष्ट्राकडून खेळणारा, नाव असलेला. त्याने पहिल्या सामन्यात २२ चेंडूंत १६ आणि दुसऱ्यात १० चेंडूंत ९ धावा केल्या. त्यानंतर २० एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याच जागी आला विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे, ३० लाखांत बदली म्हणून घेतलेला. त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या, पुढे सलामीला बढती मिळवली, बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ ठोकल्या आणि सात सामन्यांत २४० धावांवर हंगाम संपवला. म्हणजे काम पाहून त्रिपाठीला घेणारा फसला. पण तो फसला ते काम पाहिलं म्हणून नव्हे. ते काम त्रिपाठीकडे किती टिकेल, हे त्याने पाहिलं नव्हतं. त्रिपाठीला ते तात्पुरतं मिळालं होतं. संघ गुणतक्त्यात तळाशी होता आणि आक्रमक सुरुवातीच्या शोधात होता. अशा संघाकडे जुन्या खेळाडूची वाट पाहायला कारण नसतं. उलट पुढच्या वर्षाचा विचार करून तो तरुणाला सलग सामने देतो. म्हात्रे बंगळुरूनंतर कोलकात्याविरुद्ध शून्यावर बाद झाला, तरी पुढच्या सामन्यात सलामीला तोच आला. फँटसीवाल्याने पाहायची खूण ही: अपयशानंतरही जागा कायम राहते का? ९४ धावांचा डाव सगळ्यांना दिसतो, ही खूण थोड्यांनाच दिसते.

दुसरी फसगत अधिकृत घोषणेने होते. अमक्याच्या जागी तमका, असं पत्रक निघालं की वाचणारा समजतो, प्रश्न सुटला. २०२३च्या आयपीएलमध्ये जसप्रीत बुमरा पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे खेळू शकला नाही, तेव्हा मुंबई इंडियन्सने त्याच्या जागी संदीप वॉरियरचं नाव जाहीर केलं. वॉरियर त्या हंगामात एकही सामना खेळला नाही. बुमराचं खरं काम, म्हणजे शेवटच्या षटकांत यॉर्कर टाकायचं, पुढे गेलं आकाश मधवालकडे. आणि मधवाल संघात आला होता तो आदल्या वर्षी, जखमी सूर्यकुमार यादवच्या जागी. एका फलंदाजाची कागदावरची बदली वर्षभराने एका गोलंदाजाची मैदानावरची बदली ठरली. मधवालने आठ सामन्यांत १४ बळी घेतले. लखनऊविरुद्धच्या एलिमिनेटरमध्ये तर त्याने ५ धावांत ५ जण बाद केले. कागदावरची बदली जागा भरण्यासाठी असते, मैदानावरची काम भरण्यासाठी. पत्रकात नाव कोणाचं आहे ते जरूर वाचावं, पण अठराव्या षटकात कर्णधार चेंडू कोणाकडे फेकतो ते पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

रायगडच्या वाचकाला हे क्रिकेटपेक्षा कबड्डीतून लवकर पटेल, कारण रनिंग बॅकचा खरा भाऊबंद चढाईपटू आहे. तोही एकटाच समोरच्या फळीत घुसतो, अंगावर पकडी झेलतो आणि संघाच्या गुणांचा मोठा वाटा आणतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यात, तीस सेकंदांच्या हिशेबाने, एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया येतात. मुख्य चढाईपटू बाहेर गेला तरी या चढाया कमी होत नाहीत, त्या कोणाला तरी कराव्याच लागतात. २०२२च्या प्रो कबड्डीत तमिळ थलैवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख मोजले आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघ्याने गेला. संघात आपला अजिंक्य पवार होता, ओळखीचा आणि भरवशाचा. पण पवनच्या चढायांचा सिंहाचा वाटा गेला नरेंदर नावाच्या नवोदित मुलाकडे. त्याने हंगामात दोनशेहून जास्त चढाईचे गुण मिळवले आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. पहिल्या दोन-तीन सामन्यांत कोण किती वेळा चढाईला गेला, रिकाम्या चढाया धरून, एवढं ज्याने मोजलं असेल त्याला नरेंदर लवकर दिसला असेल. फक्त गुण मोजणाऱ्याला थोडा उशीर झाला असेल. फँटसीत उशीर महाग पडतो, कारण सगळ्यांना कळलेल्या खेळाडूचा कोणालाच फायदा नसतो.

कोणी म्हणेल, हा सगळा नशिबाचा भाग आहे, मागाहून उदाहरणं निवडून काहीही सिद्ध करता येतं. एका सामन्यापुरतं हे मान्य करावंच लागेल. शफालीची उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी शेजारी ठेवली तर निर्णय तोच आहे, निकाल मात्र दोन टोकांचे. पण हंगामभर असे दहा निर्णय घेतले तर चेंडू, षटकं, चढाया यांचा हिशेब ठेवणारा नावांमागे धावणाऱ्याच्या पुढे राहील, असा माझा विश्वास आहे. कारण तो खेळाडूच्या एखाद्या चमकदार दिवसावर अवलंबून नसतो. आपल्याकडच्या पद्धतीत मात्र हे दिसायला वावच कमी होता. सामन्यागणिक संघ, त्यावर पैसे आणि रात्री अकराला निकाल, या चक्रात नशिबाचा वाटा फार मोठा झाला. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि मुंबईत जन्मलेल्या ड्रीम इलेव्हनलाही पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. ज्यांची मिळकत त्यात गेली त्यांच्या घरांकडे पाहता मला हा निर्णय योग्यच वाटतो. पण फँटसीचा विचार करण्याजोगा भाग पैशांत नव्हताच. सोसायटीतल्या दहा जणांनी हंगामाच्या सुरुवातीला खेळाडू वाटून घ्यावेत, वहीत गुण मांडावेत आणि कोणी जखमी झाला की उरलेल्यांतून बदली शोधावी, यात एक रुपयाही लागत नाही आणि खेळ पाहण्याची नजर तयार होते.

एक शेवटची अडचण राहते, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं: मूळ खेळाडू परत आल्यावर काय? ज्या रीतीने बदली निवडली, त्याच रीतीने ती सोडायलाही हवी. बुमरा २०२४च्या आयपीएलमध्ये परतला, १३ सामन्यांत २० बळी घेऊन गेला आणि मधवालला त्या हंगामात मोजकेच सामने मिळाले. आदल्या वर्षीच्या ५ धावांतल्या ५ बळींची आठवण ठेवून मधवालला धरून बसणाऱ्याने गोलंदाज धरला होता, पण त्याची षटकं आता दुसऱ्याच्या हातात होती. याउलट म्हात्रे तिसऱ्या क्रमांकावरून सलामीला सरकला होता. गायकवाडची त्या हंगामातली जागा त्याने मागे सोडलीच होती, त्यामुळे गायकवाडच्या परतण्याने त्याचं काम आपोआप जात नव्हतं. परतणारा खेळाडू नेमकं कोणतं काम परत मागणार आहे, ते बदलीच्या आजच्या कामाशी ताडून पाहायचं, आणि हे ताडून पाहायचं ते तो तंदुरुस्त असल्याची बातमी येण्याआधीच.