हीटर नसलेल्या मत्स्यालयासाठी माशांची निवड

मत्स्यपालन म्हटले की रोहू, कटला व मृगळ यांनी भरलेले तळे डोळ्यांपुढे येते. परंतु शाळेतील किंवा घरातील लहानशी काचपेटीदेखील पाणी, प्राणवायू आणि जीव यांचा संबंध शिकविणारे उत्तम साधन होय. अशा पेटीला हीटर लावण्याचा खर्च ग्रामीण भागात करण्याचे कारण नाही. मात्र माशांची निवड गावचे हवामान पाहूनच केली पाहिजे.

खरी कसोटी उन्हाळ्याची

हीटर नसला म्हणजे प्रथम हिवाळ्याची काळजी वाटते. वर्धा नदीकाठच्या पुलगावी परिस्थिती निराळी आहे. येथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. परंतु मे महिन्यात दुपारी तो ४५ अंशांवर जातो. थंडीत काटक मासा सुस्त होतो, कमी खातो, पण तग धरतो. उन्हाळ्यात मात्र संकट दुहेरी असते. १५ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच उरतो. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर ते भुकेले आहेत असे समजून चारा टाकू नये. ते गुदमरत असतात.

निवड कशी करावी

झेब्रा मासा व रोझी बार्ब हे मूळचे भारतीयच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात या दोहोंचे वर्णन केले. थंडी व ऊन दोन्ही सोसणारे हे लहान मासे नवशिक्यास सर्वांत योग्य होत. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते; तीत आठ-दहा झेब्रा मासे सुखाने राहतात.

चीनमधून जगभर पसरलेला सोनमासा, म्हणजेच गोल्डफिश, थंडीस उत्तम टिकतो. पण तो वीतभर वाढतो, पाणी लवकर घाण करतो व तापलेल्या पाण्यात व्याकुळ होतो. त्यास काचेच्या गोल भांड्यात कोंडू नये. सावलीतील सिमेंटचा हौद द्यावा.

दक्षिण चीनमधील डोंगरी ओढ्यांतील व्हाइट क्लाउड हा मासा हीटरविना राहणारा म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्यास १८ ते २२ अंशांचे पाणी मानवते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो न घेणेच बरे. डास-निर्मूलनामुळे परिचित झालेला गप्पी उष्ण प्रदेशातला. मोठ्या हौदात तो टिकतो, पण लहान पेटीतील पाणी रात्रीत गार होत असल्याने तेथे कडाक्याच्या थंडीत दगावण्याची भीती असते.

घ्यावयाची काळजी

१. पेटी उत्तरेकडील भिंतीशी, उन्हापासून दूर ठेवावी.
२. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे.
३. आठवड्यास एक-चतुर्थांश पाणी बदलावे. सगळे एकदम बदलू नये.
४. उन्हाळ्यात पेटीवर जाळी ठेवून पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हेही गार होते. आटलेले पाणी रोज भरावे.
५. कडक थंडीत व कडक उन्हात चारा निम्म्यावर आणावा.

नदीत सोडू नये

मासे नकोसे झाल्यास ते वर्धा नदीत, नाल्यात किंवा शेततळ्यात सोडण्याचा मोह टाळावा. सोनमासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, तसेच पेटीतील रोग स्थानिक माशांत पसरू शकतात. नदीवर पोट असणाऱ्या मच्छीमारांचे त्यात नुकसान आहे. असे मासे दुसऱ्या हौशी पालकास द्यावेत. ग्रामसेवक व शिक्षक यांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर आरंभीच बिंबवावी. पेटी नव्याने मांडावयाची असल्यास दिवाळीनंतरचा काळ निवडावा. म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मासे व पालक दोघेही सरावतात.