दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: लांबच्या वाटेने गेलेलं विमान लवकर कसं पोहोचलं?

घरातलं कुणी कॅलिफोर्नियात असेल, तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती अंतर आहे हे तुम्ही कधीतरी शोधलंच असेल. उत्तर येतं, सुमारे 12,400 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर प्रवास पावणेचौदा तासांचा. तिकिटावर मात्र वेळ याहून जास्त दिसते.

कारण 12,400 हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आहे. हा दोरा सैबेरिया आणि आर्क्टिकवरून जातो. विमान तसंच जाईल असं नाही.

एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू केली. तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जायचं. हा मार्ग साधारण 13,900 किलोमीटरचा. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 किलोमीटरच्या आसपास गेलं. वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी!

हे कसं घडलं?

सगळी करामत वाऱ्याची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पश्चिमेला निघालेल्या विमानाला हे वारे समोरून अडवतात, पूर्वेला निघालेल्याला मागून ढकलतात. वरच्या आकड्यांचा भागाकार केला, तर पॅसिफिकवरून जाताना सरासरी वेग ताशी 1,050 किलोमीटरच्या पुढे जातो. हिवाळ्यात हे वारे आणखी जोरात असतात, त्यामुळे ऋतूप्रमाणे वेळापत्रकही बदलतं.

घड्याळाची गंमत वेगळीच. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेबारा तास मागे असतं. दिल्लीहून पहाटे 4 ला निघून साडेचौदा तासांनी उतरलात, तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे 6 वाजलेले असतात. परतीला हे सगळं वसूल होतं, अख्खा दिवस कॅलेंडरवरून गायब!

मग तिकीट काढताना काय बघायचं?

वाऱ्याइतकाच फरक हवाई हद्दीमुळे पडतो. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. दिल्ली आणि उत्तर अमेरिकेदरम्यानच्या काही विमानांना वळसा पडला, इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. दोन विमानतळांमधलं अंतर एका किलोमीटरनेही वाढलं नव्हतं.

त्यामुळे गुगलवरच्या किलोमीटरवरून हिशोब करू नका. तिकिटावरचा एकूण वेळ आणि 'टेक्निकल स्टॉप' आहे का, हे बघा. दिल्लीहून पुढे पुण्याचं किंवा नागपूरचं विमान पकडायचं असेल, तर दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय करणं सहसा कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर चुकलेल्या विमानाचे पैसे बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातात.